चार कागद, चार नावं : मग मालक कोण?

मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा किंवा सेव्ह करून रात्री वाचा. पण ज्यांचं घर गावाच्या कडेला, गुंठ्यातल्या प्लॉटवर आहे, त्यांनी मात्र नक्की वाचा. तुमच्याच घराचा विषय आहे.

गेल्या महिन्यात पूर्वी आमच्या शेजारी राहणाऱ्या एक काकू सकाळी सकाळी घरी आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची फाईल. काका जाऊन दीड वर्ष झालं. काकांनी १९९६ साली गावाबाहेर, तेव्हा जिथं ज्वारीचं रान होतं तिथं, दोन गुंठे घेतले. हळूहळू घर बांधलं. आता मुलाला वरचा मजला काढायचाय. कर्जाला गेला तर बँकेत पहिलाच प्रश्न आला, जागा कोणाच्या नावावर आहे?

काकूंनी फाईल माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "तू पेपरात आहेस, तुला कळतं. यातला खरा कागद कोणता तेवढं सांग."

मी एकेक कागद काढत गेलो.

पहिला, सातबारा. त्यावर मूळ शेतकऱ्याचं नाव कंसात गेलेलं, खाली त्याच्या तीन मुलांची आणि दोन मुलींची वारस म्हणून नावं. काकांचं नाव कुठंच नाही. पिकाच्या रकान्यात अजून ज्वारी. त्या जागेवर गेल्या पंचवीस वर्षांत ज्वारीचं एक ताट उगवलेलं नाही.

दुसरा, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार. लिहून देणार शेतकरी, लिहून घेणार काका, दोन साक्षीदार, रक्कम रोख पोहोचली.

तिसरा, घरपट्टीची पावती. नाव काकांचं. खाली बारीक अक्षरात एक ओळ, की ही पावती मालकी हक्काचा पुरावा नाही.

चौथा, लाईट बिल. ते काकूंच्या नावाचं.

"प्रॉपर्टी कार्ड आहे का?" मी विचारलं. "ते काय असतं?" काकू म्हणाल्या.

मग हळूच सांगितलं, "त्या शेतकऱ्याच्या पोरांकडं जाऊन आले रे. थोरला म्हणतो सही देतो, पण सहीचे पैसे पडतील. धाकटा म्हणतो, वडिलांनी विकलं असेल, आम्ही नाही विकलं."

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं बातम्या लिहितोय. सातबारा, फेरफार, एनए, सिटी सर्व्हे हे शब्द हजार वेळा छापले असतील. पण यातला मालकीचा कागद कोणता, हा साधा प्रश्न विचारल्यावर गप्प बसलो. म्हणून जुने कायदे आणि इतिहास वाचायला घेतला. वाचून जे कळलं ते एका ओळीत असं आहे : अमुक जागेचा मालक अमुक, हे ठामपणे आणि स्वतःच्या जबाबदारीवर सांगणारं सरकारी रजिस्टर आपल्याकडे नाही. कधीच नव्हतं. प्रत्येक खात्याने आपापल्या कामापुरती वही ठेवली, आणि आपण त्या वह्यांनाच मालकी समजत आलो.

आता हे कसं झालं ते बघू.

*काळी मोजली, पांढरी राहिली*

आपल्या जुन्या गावांत जमिनीचे दोन भाग. पिकते ती काळी, वस्ती असते ती पांढरी. पेशवाई संपल्यावर इंग्रजांना महसूल हवा होता, आणि महसूल काळीतून येतो. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ नंतर पुणे जिल्ह्यात मोजणी करून सारा ठरवला. तो इतका फसला की इंदापूरकडे लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केलं. जमिनीचे सर्व्हे नंबर पाडले, हद्दीचे दगड रोवले, सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात हीच पद्धत गेली.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज आपण कॉलनीत "दोन गुंठे घेतले" म्हणतो ना, ते माप शेतसारा ठरवणाऱ्या त्या साखळीतून आलंय. घरासाठी ते कुणी काढलं नव्हतं.

त्या वहीत नाव कोणाचं? जो सारा भरायला जबाबदार, त्याचं. सरकारला एवढंच हवं होतं. जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे हे नोंदवणारा हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो थेट १९०३ साली. त्यातूनच पुढे आजचा सातबारा घडला, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. जमीन महसूल कायद्यात आजही एवढंच म्हटलंय की या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानाव्यात. आणि सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलंय की फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, त्याने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही.

पांढरीवर शेतसारा नव्हता, म्हणून पांढरी मोजलीच गेली नाही. गावच्या नकाशात शेतांचे नंबर होते, आणि मधे गावठाण म्हणून एक कोरा तुकडा. त्या तुकड्यात शेकडो घरं, बोळ, आड, देवळं, वाडे, पण कागदावर काही नाही. कोणाची भिंत कुठं संपते हे पंचांना माहीत, नाहीतर भांडणात ठरायचं.

शहरांची गोष्ट थोडी वेगळी. मुंबई बेटाची तपशीलवार मोजणी कर्नल लॉटन याने १८६५ ते १८७२ या काळात केली. नंतर इलाख्यातल्या इतर शहरांत एकेक करून सिटी सर्व्हे झाला. चौकशी अधिकारी बसायचा, घरोघरी नोटिसा जायच्या, कागद आणि कबजा बघून चौकशी नोंदवहीत धारकाचं नाव लागायचं, सनद मिळायची. त्यातून आलं ते प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका.

पण सिटी सर्व्हे ज्या दिवशी झाला, त्या दिवशीच्या गावाची ती हद्द. आमच्या गावाचंच बघा. जुनी पेठ, बाजार आणि वेशीच्या आतलं सगळं सिटी सर्व्हेत. वेशीबाहेर आज त्याच्या तिप्पट गाव आहे. तिथं कॉलन्या आहेत, मंगल कार्यालयं आहेत, इंग्लिश मीडियम शाळा आहेत. कागदावर मात्र तिथं अजून सर्व्हे नंबर आणि पीक. नगरपरिषदेची हद्द वाढली, सिटी सर्व्हेची नाही. काकूंचं घर याच मधल्या पट्ट्यात अडकलंय. काही ठिकाणी तर उलटं आहे. प्रॉपर्टी कार्डही निघालं आणि सातबाराही चालू राहिला. एकाच जागेला दोन वह्या, दोन्हीत वेगळी नावं. मग सातबारा दाखवून एकाने विकायचं आणि कार्ड दाखवून दुसऱ्याने.

*नोंदणी कशाची होते?*

"अहो पण आमचं रजिस्टर खरेदीखत आहे!" असं बरेच जण ठासून सांगतात. चांगलंच आहे. ते असायलाच हवं. पण नोंदणी कशाची झाली, हे समजून घ्या.

कागदाची भीती आणि कागदाची गरज, दोन्ही आपल्या मुलखाने फार आधी पाहिलंय. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. बहुतेक ठिकाणी माणसांना फार इजा झाली नाही; लोकांना हवे होते ते सावकाराकडचे कर्जरोखे. ते हिसकावून जाळले. कारण त्यात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कळत नव्हतं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला आणि त्यात ग्रामनिबंधक नेमले गेले. शेतकऱ्याचा दस्त त्यांच्यासमोर लिहायचा, वाचून दाखवायचा, मग सही. फसवणूक टाळायला नोंदणी, असा तो विचार होता.

देशभराचा आजचा नोंदणी कायदा १९०८ चा. त्याआधी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. दोन्हींत एक आकडा आहे : शंभर रुपये. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत दस्तच हवा. तो शंभराचा आकडा आजही तसाच आहे. काकांनी १९९६ साली शंभराच्या स्टॅम्पवर जे लिहून घेतलं, ते कायद्याच्या नजरेत विक्री ठरतच नाही. फार तर विकण्याचा करार. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प या खटल्यात मुखत्यारपत्र आणि करारावर होणाऱ्या असल्या विक्रीबद्दल स्पष्ट सांगून टाकलं की याने मालकी जात नाही.

बरं, नोंदणी केली असती तर? तर एक मोठी अडचण मिटली असती, सगळ्या नाही. दुय्यम निबंधक काय बघतो? समोरचा माणूस तोच आहे का, सही त्याने कबूल केली का, मुद्रांक शुल्क पुरेसं भरलं का. विकणाऱ्याकडे विकण्याइतका हक्क आहे का, हे तपासणं मुळात त्याचं काम नाही. कायद्याने त्याच्याकडे ते दिलेलंच नाही. म्हणून एकच प्लॉट दोघांना विकून दोन्ही दस्त नोंदले गेल्याच्या बातम्या आम्ही छापतो आणि लोक विचारतात, सरकारी ऑफिसात हे झालंच कसं? झालं, कारण तिथं दस्त नोंदतात, मालकी नोंदत नाहीत. म्हणून तर बँक घर घेताना वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. हमी मिळाली असती तर सर्च कशाला लागला असता?

याला दुसरा मार्ग जगात होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स नावाचा गृहस्थ होता. वकील नव्हता, बंदरावर जकात खात्यात काम केलेला माणूस. जहाजाची मालकी रजिस्टरमधल्या एका पानावर ठरते, मग जमिनीची का नाही, हा त्याचा साधा सवाल. १८५८ मध्ये तिथं कायदा झाला. सरकारी रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक, आणि सरकारच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर सरकार भरपाई देणार. म्हणजे कागदांची साखळी शोधत बसायची गरज नाही.

आपल्याकडे हे करावं असं ठासून सांगणारा माणूस पुण्यातलाच. गोखले इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक डी. सी. वाधवा. बिहारमध्ये तेच तेच अध्यादेश पुन्हा काढले जायचे, त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले तेच हे वाधवा. नियोजन आयोगाच्या एकसदस्य समितीचं काम त्यांच्याकडे आलं आणि १९८९ मध्ये त्यांनी अहवाल दिला की जमिनीच्या मालकीची सरकारने हमी द्यावी, टप्प्याटप्प्याने टॉरेन्ससारखी पद्धत आणावी. केंद्र सरकारने २००८ मध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही शेवटचं ठिकाण हेच ठेवलं होतं. ते ठिकाण अजून लांब आहे.

*गुंठेवारी : कायदा चांगला, गाव मोठं*

मग काकांनी नोंदणी का केली नाही? अडाणी होते म्हणून? अजिबात नाही. नोंदणी करताच आली नसती.

१९४७ साली मुंबई राज्याने तुकडेबंदीचा कायदा केला. हेतू चांगला होता. वाटण्या होऊन होऊन शेताचे इतके तुकडे पडत होते की औत वळवायला जागा उरेना. म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, त्यापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला बंदी. २०२३ मध्ये ही मर्यादा कमी करून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केली, तरी दोन गुंठ्यांचा प्लॉट त्यात बसत नाही.

शेतासाठी केलेला कायदा शहराच्या कडेला येऊन उभा राहिला. गावात एसटी डेपो आला, साखर कारखाना आला, कॉलेज आलं. कंडक्टर, शिपाई, शिक्षक, हमाल, सगळ्यांना घर हवं. रीतसर रस्ता म्हणजे जमीन एनए करायची, लेआउट मंजूर करून घ्यायचा, रस्ते आणि मोकळी जागा सोडायची. त्याला वेळ, पैसा आणि ओळख तिन्ही लागतात. असे प्लॉट निघाले, पण थोडे आणि महाग. मग शेतकऱ्याने रानात चुन्याच्या रेषा मारल्या आणि स्टॅम्पवर विकायला सुरुवात केली. काही ठिकाणी दहाजणांनी मिळून दहा-वीस गुंठे घेतले आणि एका सातबाऱ्यावर दहा नावं सामाईक लावली. कोणाचा तुकडा कुठला, हे फक्त तोंडी. एकाला विकायचं झालं की नऊजणांच्या सह्या.

सांगली असो, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) असो, नाहीतर आमच्यासारखं तालुक्याचं गाव असो, अर्धं गाव अशा जागेवर उभं राहिलं. मग सरकारला ते पाडता येईना आणि मान्यही करता येईना. पुढचा इतिहास म्हणजे तारखांची यादी आहे, बघा :

२००१ : गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा. १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं घ्यायची.
२०१७ : तुकडेबंदीत दुरुस्ती. बेकायदा तुकडा नियमित करायचा तर बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरा.
२०२१ : गुंठेवारीची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. त्याच वर्षी जुलैमध्ये नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं की लेआउट मंजुरीशिवाय गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका.
२०२२ : मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं.
२०२४ : २५ टक्क्यांचे ५ टक्के झाले.
२०२५ : नोव्हेंबरच्या अध्यादेशाने शहरी आणि विकास आराखड्यातल्या भागांसाठी ते ५ टक्केही गेले. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट टोचते. ज्याने २०१७ नंतर इमानदारीने पंचवीस टक्के भरले तो मूर्ख ठरला. थांबला तो शहाणा. दर काही वर्षांनी सवलत येणार हे कळलं की नियम पाळायला कोण जाईल? मी सवलतीच्या विरोधात नाही. माझ्या काकूंना ती हवीच आहे. पण सवलत म्हणजे सुधारणा नव्हे. सुधारणा म्हणजे उद्या दोन गुंठे घेणाऱ्या हमालाला परवडेल असा रीतसर प्लॉट मिळणं. ते झालं नाही तर २०३५ ला आणखी एक अध्यादेश येईल, मी लिहून ठेवतो.

मोठ्या शहरांतही हेच झालं, मोठ्या प्रमाणात. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, ज्याला सगळे यूएलसी म्हणतात. मुंबईत एका धारकाला ५०० चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन ठेवता येणार नाही, जादा सरकारकडे, त्यावर गरिबांची घरं. प्रत्यक्षात जमीन फाईलीत अडकली, सूट देण्याचा धंदा झाला, बाजारात जागा आली नाही. केंद्राने १९९९ ला तो रद्द केला, महाराष्ट्राने २००७ ला. हेतू गरिबाचा आणि त्रासही गरिबालाच, असं जमिनीच्या कायद्यात पुन्हा पुन्हा होत आलंय.

*कॉम्प्युटर आला, पण वही तीच*

या सगळ्यात चांगलं काही झालंच नाही असं नाही. २००२ च्या सुमारास नोंदणी कार्यालयात 'सरिता' आली. त्याआधी मूळ दस्त परत मिळायला महिनोन्महिने लागायचे, ते त्याच दिवशी मिळू लागले. इंडेक्स टू घरबसल्या दिसतो. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तलाठ्याची वाट बघत पारावर बसावं लागत नाही. आता दस्त नोंदला की फेरफाराची सूचना ऑनलाइन जाते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात. हे मोठं काम आहे आणि ते आपल्या राज्याने केलं, हेही मान्य करू.

पण कॉम्प्युटरमध्ये गेलं काय? वहीत होतं तेच. मेलेल्या माणसाचं नाव डिजिटल झालं. चुकलेलं क्षेत्र डिजिटल झालं. टाइप करताना आणखी काही चुका झाल्या, त्या दुरुस्त करायला कलम १५५ चे अर्ज घेऊन लोक तहसीलच्या चकरा मारतात. पूर्वी चूक एका दप्तरात असायची, आता ती बँकेच्या स्क्रीनवरही दिसते.

*हमी द्यायची म्हणजे*

"मग सरकारने सरळ हमीचा कायदा करावा," असं कोणी म्हणेल. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीसाठी मालकी प्रमाणपत्राचा कायदा केला. आंध्र प्रदेशने २०२२ चा मालकी हमीचा कायदा आणला. आंध्रात काय झालं? वकील रस्त्यावर आले, कारण वाद दिवाणी कोर्टाऐवजी अधिकाऱ्यांपुढे जाणार होता. शेतकरी घाबरले की एका नोंदीत नाव चुकलं तर जमीनच जाईल. निवडणुकीत तो मुद्दा झाला. नवं सरकार आलं आणि २०२४ मध्ये कायदाच रद्द झाला.

ही भीती खुळी नाही. जो हमी देतो तो दुसऱ्याला बाहेरही काढतो. ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आलं त्याची मालकी पक्की, आणि ज्याचं राहिलं त्याचं दार कायमचं बंद. काकूंच्या सातबाऱ्यावर आज हमीचा शिक्का मारला तर मालक कोण ठरेल? शेतकऱ्याची पाच मुलं. तीस वर्षं घरपट्टी भरणाऱ्या काकू त्यांच्याच घरात उपऱ्या ठरतील. म्हणून आधी नोंदी खऱ्या करायच्या, मग हमी. उलटं केलं तर चुकीलाच कुलूप लागेल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका प्रकरणात नोंदणी आणि मालकी यातली ही दरी पुन्हा दाखवली आणि विधी आयोगाला यावर अभ्यास करायला सांगितलं. म्हणजे वाधवांचा प्रश्न छत्तीस वर्षांनी पुन्हा टेबलावर आलाय.

*आता आपल्या दारात काय येतंय*

गावठाणांसाठी ड्रोनने मोजणी सुरू झाली तिचा पहिला प्रयोग आपल्याच पुरंदर तालुक्यात, सोनोरी गावी झाला. तिथून २०२० मध्ये देशभराची स्वामित्व योजना आली. ज्या पांढरीला दोनशे वर्षं कुणी मोजलं नाही, ती आता मोजली जातेय. शहरांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नक्शा' हा केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या फेरीत २६ राज्यांतली १५२ शहरं. आमचं गाव त्या यादीत नाही. पण आज ना उद्या येणार.

ड्रोन भिंत दाखवतो, छप्पर दाखवतो. भिंतीच्या आतला माणूस कोणत्या हक्काने राहतो, हे ड्रोनला दिसत नाही. ते ठरतं चौकशीत. खरा खेळ तिथं आहे. चौकशी कागदावर उरकली, नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लावून संपवली, तर जे हुशार आहेत, ज्यांची ओळख आहे, त्यांची नावं लागतील. विधवा, भाडेकरू, परगावी कामाला गेलेले, स्टॅम्पवर जागा घेतलेले, हे सगळे राहून जातील. आणि ती चूक पुढच्या शंभर वर्षांची असेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मोजणीचा नकाशा प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लागला पाहिजे, मराठीत, नावांसह. चौकशी वॉर्डात बसून व्हावी, सुटीच्या दिवशीही. घरपट्टी, लाईट बिल, कबजा यांची नोंद निदान "राहणारा" म्हणून तरी व्हावी. नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागावं. आणि प्रॉपर्टी कार्ड निघालं की त्या जागेचा सातबारा बंद झाला पाहिजे. आपले नगरसेवक गटारी आणि पेव्हर ब्लॉकवर तावातावाने बोलतात, यावर सभेत एकदा तरी बोलावं.

तोवर आपण काय करायचं? जास्त नाही, इतकंच :

१. आपला सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आज ऑनलाइन काढून बघा. नाव, क्षेत्र, इतर हक्कातला बोजा, तिन्ही.
२. घरात कोणी गेलं असेल तर वारस नोंद लावा. बहिणींची नावंही.
३. स्टॅम्पवर घेतलं असेल तर विकणारा हयात आहे तोवर, हात जोडून का होईना, खरेदीखत करून घ्या.
४. घरपट्टीच्या जुन्या पावत्या फेकू नका. मालकीचा पुरावा नसला तरी कबजाचा आहे.

आता काकूंचं. नव्या अध्यादेशाची बातमी वाचून मी आनंदाने त्यांच्याकडे गेलो. तुकडा फुकट नियमित होणार म्हणून. पण नीट वाचल्यावर कळलं की काकांचा कागद नोंदणीकृत नाही. म्हणजे आधी रीतसर खरेदीखत व्हायला हवं, त्यासाठी पाचही वारसांच्या सह्या हव्यात. सरकारने आपलं शुल्क माफ केलं. थोरल्याच्या सहीचं शुल्क कोण माफ करणार? आणि धाकटा तर सही करतच नाही.

दोन्ही बहिणींना मात्र परवा फोन केला. थोरली म्हणाली, "भाऊ, बाबांनी पैसे घेतले होते, मी तेव्हा घरात होते. मी येते सहीला." एक सही मिळाली. चार राहिल्या.

फाईल अजून माझ्या टेबलावर आहे. काकूंचा प्रश्न होता की यातला खरा कागद कोणता. आज उत्तर देऊ शकतो : काकू, कागद चारही खरे आहेत, पण तुम्ही मालक आहात असं सांगणारा त्यात एकही नाही. तो कागद आपल्याकडे अजून तयारच व्हायचाय.

तुमच्या कॉलनीत काय परिस्थिती आहे? सातबारा चालू आहे की कार्ड निघालं? सामाईक नावांचा घोळ आहे का? कमेंटमध्ये लिहा, पण सर्व्हे नंबर किंवा कोणाचं नाव टाकू नका. पुरेशा लोकांनी लिहिलं तर सगळं एकत्र करून नगरपरिषदेत आणि भूमी अभिलेख कार्यालयात निवेदन देऊ. मी येतो बरोबर.